वहिनींचे दोन शब्द

टोपी डोक्यावर बसली तेव्हा प्राजक्ताला आधी जाणवलं ते हे, की ती अगदी मापाची आहे. अकोल्याच्या स्टेशनवर, शुक्रवारच्या संध्याकाळी, कंपनीचा माणूस खोक्यातून एकेक पिवळी टोपी काढून वाटत होता आणि दुकानदार मंडळी ‘घ्या, कंपनीनं टोपी घातली एकदाची’ असं म्हणत आपल्याच विनोदाला आपणच हसत होती. टोपीवर लाल अक्षरांत ‘लखलाभ’ असं लिहिलेलं. कपाशीच्या बियाण्याचं नाव. गेल्या जूनमध्ये अकोल्यात हे बियाणं सगळ्यांत जास्त खपलं ते तिच्या नवऱ्याच्या, किशोरच्या, कृषी केंद्रातून, आणि त्याचं बक्षीस म्हणून कंपनी त्याला सपत्नीक नाशिकला नेत होती. शनिवार-रविवार, प्रसिद्ध धबधबा, आजूबाजूच्या वाईनरी, राहणं-खाणं सगळं कंपनीचं. प्राजक्ता शाळेत मराठी शिकवायची. ‘सपत्नीक’ हा शब्द तिला सत्यनारायणाच्या पूजेतला वाटला. तिने टोपी काढून पर्समध्ये कोंबली, पर्स बंद होईना म्हणून पुन्हा डोक्यावर घातली. तिच्या वडिलांनी, भगवंतरावांनी, तिवशाजवळच्या आपल्या वावरात हेच बियाणं पेरलं होतं आणि त्याला बोंडं लागली नव्हती. एवढंच. कोणी तिला काही म्हणालं नव्हतं, कोणी भांडलं नव्हतं. पण टोपीची कड कपाळाला जिथे लागत होती तिथे बारीक ठसठस सुरू झाली ती काही थांबेना.

गाडीत बसल्यावरही तिला ते वावरच दिसत राहिलं. दिवाळीला माहेरी गेली होती तेव्हा ती सवयीने वावराच्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंत, चालत गेली, आणि समोरची पऱ्हाटी, कपाशीची झाडं, बघून तिला आधी आनंदच झाला. डोक्याइतकी वाढलेली, काळीभोर हिरवी, आत शिरलं तर माणूस सापडू नये अशी. मग तिने एक फांदी वाकवून पाहिली. दुसरी पाहिली. फुलं आलेली होती, पात्या, म्हणजे बोंडांआधीच्या कळ्या, लागून गळलेल्या होत्या, खाली जमिनीवर त्यांचा सडा पडला होता आणि झाडावर काहीच नव्हतं. बाबा मागून आले, तिच्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, “चाल बाई, ऊन लागून राह्यलं.” घरी आई, दुर्गाबाई, करंज्या तळत होती. प्राजक्ताने विचारलं, किशोरला सांगितलं का नाही, म्हणून. आईने झारा कढईच्या काठावर आपटला. “जवायाच्या दुकानातली वस्तू हाय. तिले नावं ठेवता येते का? लोकं काय म्हनतीन?” आणि खरोखरच बाबांनी नावं ठेवली नव्हती. ऑक्टोबरात कामासाठी अकोल्याला आले होते तेव्हा व्हरांड्यात बसून स्वतःच्या शिदोरीतली भाकर खाल्ली, स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायले. लेकीला मूल होईस्तोवर बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घेऊ नये, हा त्यांच्याकडचा रिवाज. लग्नाला बारा वर्षं होऊन मूल झालं नव्हतं, तेव्हा तो रिवाज बाबांपुरता जन्माचाच झाला होता. किशोरने विचारलं, “कशी काय मामाजी पराटी?” बाबा म्हणाले, “बेस हाय जवाईबुवा. तुमच्या बियाण्याले काय धाड भरली?” आणि भाकरीचा तुकडा चटणीत बुडवत राहिले. आपल्या बापाला इतकं सफाईदार खोटं बोलता येतं हे प्राजक्ताला दिवाळीत कळलं. तिला वाईट वाटलं आणि त्यांचा रागही आला, आणि त्या रागाला जायला दुसरी जागा नसल्यामुळे तो हळूहळू किशोरकडे वळला.

किशोरला ठाऊक होतं. नोव्हेंबरात शेतकरी दुकानासमोर येऊन उभे राहिले तेव्हा त्याने सगळ्यांना पावसाचं कारण सांगितलं, कंपनीच्या माणसाने शिकवलं होतं तसं. लोक ऐकून घेत आणि तरीही थोडा वेळ तिथेच उभे राहत. त्या दिवसांपासून तो घरी कमी बोलायला लागला. पूर्वी जेवताना दुकानातल्या नकला करून दाखवायचा, कोण कसा घासाघीस करतो, कोण कसं बियाण्याचं पाकीट कानाशी हलवून बघतो. आता ताटावरून उठताना ‘झालं’ एवढंच म्हणायचा. तिनेही एकदाच काय ते सांगितलं, “बाबाच्या पराटीले बोंडं नाही लागले.” तो म्हणाला, “मालूम हाय.” झालं बोलणं. बारा वर्षांच्या संसारात माणसं एकमेकांना इतकी पाठ होतात की पुढचं कोणी म्हणून दाखवत नाही. खिडकीला डोकं टेकून तो झोपला होता, टोपी डोळ्यांवर ओढून. तिला त्याची कीव आली आणि आपल्याला कीव येते आहे याचाही कंटाळा आला.

शनिवारी सकाळी पहिल्या वाईनरीत नेलं. डोंगराच्या पायथ्याशी द्राक्षांच्या सरळ ओळी, प्रत्येक ओळीखालून काळी नळी आणि प्रत्येक झाडाच्या बुडाशी थेंब थेंब पाणी. वऱ्हाडातली मंडळी द्राक्षांकडे न बघता नळ्यांकडेच बघत राहिली. कोणी वाकून बोटाने माती उकरून पाहिली. “इतकं पानी आमाले द्या, आमी धोंडा पिकवून दाखवतो,” चांदूर रेल्वेचे शेषराव म्हणाले आणि त्यावर हसणं झालं, पण ते लवकर संपलं. आत गारवा होता, मोठाल्या चकचकीत टाक्या होत्या. टाय घातलेली एक मुलगी पेला कसा धरायचा, कसा गोल फिरवायचा, आधी वास कसा घ्यायचा ते शिकवत होती, आणि धिप्पाड दुकानदार पहिलीतल्या पोरांसारखे पेले फिरवत होते. एकाने घोट घेऊन तोंड वाकडं केलं. “हे तं ताकाची बहीण हाय. उतरते का नाही डोक्यात, का नुसतंच आंबट?” प्राजक्ताने ओठांना पेला लावला आणि खाली ठेवला. बाहेर ओसरीवर मोर्शीची यास्मीन द्राक्षांचा रस घेऊन बसली होती. तिच्या नवऱ्याचं, शाहनवाजचं, मोर्शीला बियाण्यांचंच दुकान. मागे अमरावतीच्या एका मेळाव्यात दोघींची ओळख झाली होती. प्राजक्ता तिच्याजवळ जाऊन टेकली. यास्मीनने रसाचा पेला पुढे केला. “पिऊन पाहा भाभी. तुमचे पुरुष जे पिऊन राह्यले ते असंच होतं, नंतर बिघडलं.” दोघी हसल्या. मग यास्मीन आवाज खाली आणून म्हणाली, “आमच्या यांचा गळा बसला कालपासून. माइक दिसला का यांचा गळा बसते.” कसला माइक, प्राजक्ताने विचारलं. “तुमाले किशोरभाऊनं नाही सांगितलं? उद्या शूटिंग हाय ना. एकेकाले उभं करतीन, लखलाभ कसं पिकलं ते बोलाचं. मग पेरणीच्या आधी गाडीवर पडदा लावून गावोगावी दाखवतीन. तुमच्या तिवशापर्यंत.”

ठसठस कपाळावरून खाली कानामागे उतरली. म्हणजे हे. धबधबा, द्राक्षं, सपत्नीक, सगळं त्या दोन मिनिटांसाठी. तिला दिसलं, तिवशाच्या बाजारात गाडी उभी आहे, पडद्यावर जावई मोठा होऊन बोलतो आहे आणि बाबा गर्दीत उभे आहेत, आणि शेजारचा कोणीतरी त्यांना कोपराने ढोसून म्हणतो, तुमचे जवाई ना हो? आणि बाबांना तिथेही हसावं लागतं. बोंडं नाहीत हे पूर्ण गावाने पाहिलेलं. वावर काही पदराखाली झाकून ठेवता येत नाही. बाबा आजवर जे गप्प राहिले ते जावयाची लाज राखायला. आणि जावई पडद्यावरून सांगणार की पीक चांगलंच आलं होतं. मग उणं कोणात होतं? बापाच्या कसण्यात?

धबधब्यावर दुपारी पोचले. जानेवारीत धबधबा कसला वाहतो अशी शंका आधीच कोणीतरी काढली होती, पण पाणी भरपूर होतं. वर धरणातून सोडलंय, कंपनीचे साहेब म्हणाले, खाली शेतीला जातं. साहेब पुण्याचे, मृदू बोलणारे, प्रत्येकाच्या बायकोला वहिनी म्हणणारे. खडकावरून पांढरं पाणी कोसळत होतं, मक्याची कणसं भाजणारे होते, फोटोवाले होते, भिजलेली कॉलेजची मुलंमुली होती. कोणीतरी चावी फिरवली आणि धबधबा सुरू झाला, ह्या गोष्टीने प्राजक्ताला उगाचच थकल्यासारखं झालं. हे एवढं पाणी इथे लोकांना पाय बुडवायला पुरून वर शेताला जातं आणि तिकडे बाबा मृगाकडे मान वर करून बसतात. हे दुःख जुनंच होतं, शाळेत निबंधात लिहून झालेलं होतं, आणि तरी ते प्रत्येक वेळी नव्याने तिच्या वाट्याला यायचं. किशोर कठड्याला टेकून उभा होता. लग्नानंतर चिखलदऱ्याला गेले होते तेव्हा असाच उभा होता, फक्त तेव्हा तिचा हात धरून. तेव्हा तो म्हणाला होता, दुकान टाकतो, कास्तकाराले खरा माल देणारं एक तं दुकान पायजे अकोल्यात. तिचं त्याच्या त्या वाक्यावर प्रेम जडलं होतं, हे तिला आज आठवलं.

“उद्या शूटिंग हाय म्हणते यास्मीन,” ती म्हणाली.

“हो.”

“मले सांगितलं नाही.”

“काय सांगू?”

पाण्याच्या आवाजामुळे मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि मोठ्याने बोलताना माणूस हवं त्याहून जास्त बोलतो. “एक आइका. बाबाचं वावर तुमाले मालूम हाय. उद्या तुमी उभं राहून चांगलं पिकलं म्हणलं, तं मी अकोल्याले उतरणार नाही. तशीच बडनेऱ्याले जाईन, तिथून माहेरी. अन् मग वापस यायचं काही सांगत नाही.”

किशोरने तिच्याकडे पाहिलं. आपण हे खरंच म्हणालो का, असं तिलाही वाटून गेलं. पण शब्द बाहेर पडल्यावर ते खरेच होते.  साहेबांनी केलेलं बोलणं तिच्या कानावर आलं होतं: पुढच्या हंगामाची एजन्सी कोणाला द्यायची ते या ट्रिपनंतर ठरणार. दुकानातलं अर्धंअधिक ह्याच कंपनीचं. दोन हमाल, एक मुनीम, वर घर, सगळं त्याच्यावरच.

“नाही बोलत,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, “कणीस खातं का?”

रविवारी सकाळी नाश्त्याला दुसऱ्या वाईनरीत नेलं. हिरवळीवर खुर्च्या, समोर छोटं व्यासपीठ, त्यामागे वेलींच्या ओळी. सकाळी सकाळी तोंडात इडली आणि टेबलावर वाईनचे पेले, हे बघून शेषराव म्हणाले, “पाहा बुवा, सोमवारी आपल्याले कोणी असं बसवणार नाही.” कॅमेरेवाला तिकाटणं लावत होता. शाहनवाज गळ्याला मफलर गुंडाळून बसला होता आणि खोकून दाखवत होता. एकेक जण उठला. प्रत्येकाने सांगितलं, लखलाभ फार चांगलं, कास्तकार खूश. कोणी पाठ केलेलं बोललं, कोणी अडखळलं, कोणी हसला आणि पुन्हा घ्यावं लागलं. त्यांत वाईट माणूस एकही नव्हता. सगळ्यांच्या तालुक्यांत पात्या गळल्या होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि एकमेकांना माहीत आहे हेही माहीत होतं. प्राजक्ता त्यांचे चेहरे बघत होती. तिला वाटलं, आपण यांच्यासारखे नाही. असं वाटण्यात थोडं सुख होतं.

मग साहेबांनी किशोरचं नाव पुकारलं. अकोल्याचा पहिला नंबर. टाळ्या झाल्या. तो वर गेला, टोपी नीट केली, माइक हातात घेतला. साहेब म्हणाले, “सहज बोला. आपल्या शेतकऱ्यांशी गप्पा मारताय असं समजा.”

तो बोलला नाही.

आधी वाटलं, सुरुवात जुळवतोय. कॅमेरेवाल्याने हाताने खूण केली, चालू आहे म्हणून. किशोरने माइक तोंडाशी नेला, खाली आणला. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता, तो उन्हात चमकत होता. साहेब हसले, “घाबरू नका हो.” कोणीतरी मागून म्हणालं, “भाऊले बायकोसमोर बोलाची सवय नाही,” आणि हशा झाला. तो तसाच उभा. कमरेतून किंचित वाकलेला, एका हातात माइक, दुसरा हात पॅन्टीवर पुसत. साहेबांचं हसू हळूहळू तोंडावरून गेलं. त्यांनी शेजारच्या माणसाकडे वळून काहीतरी विचारलं, त्या माणसाने मान हलवली. प्राजक्ताला सगळं कळत होतं. हा दिलेला शब्द पाळतोय. आता एजन्सी जाईल. तिला हवं होतं ते अगदी हेच होतं. तिने मागितलं आणि त्याने दिलं. मग आनंद का होत नव्हता? तिला फक्त तो पुसणारा हात दिसत होता. शाळेत फळ्यापाशी उभं केलेलं, उत्तर न येणारं पोर असाच हात पुसतं आणि मग बाकीचे वर्गभर हसतात. आणि इतक्या वर्षांत तिला ते हसणं कधी सहन झालं नव्हतं. पुन्हा कोणीतरी हसलं. ती उठली.

आपण का उठलो हे तिला पुढे कितीदा आठवून बघितलं तरी सापडलं नाही. पायांनी नेलं. तिने त्याच्या हातून माइक घेतला, तर त्याची बोटं सुटेनात, तिला ती उकलावी लागली. “यांचं असंच आहे साहेब,” ती हसून म्हणाली, “काम बोलतं, हे बोलत नाहीत. मी सांगते.”

“वा! या वहिनी, या,” साहेबांचा जीव भांड्यात पडला. “दोन शब्द. पण असं पुस्तकी नको. तुमच्या भाषेत.”

तिच्या भाषेत. वर्गात एखादं पोर ‘मले’ म्हणालं की ती फळ्यावर ‘मला’ लिहून त्याच्याकडून पाच वेळा म्हणून घेत असे. स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन वर्षानुवर्षं तिचं. माइक हातात आला की तिचा आवाज आपोआप गोल व्हायचा. आता तो गोल झाला नाही. तो आईसारखा आला.

“माह्या बाबाचं वावर तिवशाले हाय,” ती म्हणाली. “तेनं हेच बियाणं पेरलं. जवायाच्या दुकानातलं म्हणून नाही, पारखून पेरलं. दिवाळीले मी गेलती पाहाले. पराटी म्हणान तं अशी डोक्याइतकी. आत शिरलं तं मानूस दिसे नाही.”

इथवर सगळं खरं होतं. इथे थांबता आलं असतं. ती थांबलीही, श्वास घेण्यापुरती, आणि समोरची माणसं पुढे झुकली आहेत हे तिला दिसलं. ते ऐकत होते. इतक्या वेळात पहिल्यांदाच कोणीतरी मनापासून ऐकत होतं.

“अन् बोंडं इतके, का येचता येचता बायाइचे हात पुरले नाही. माहा बाबा म्हणे, बाई, औंदा पोत्याइले जागा नाही.”

टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या. शेषरावांनी तर डोळे पुसले. त्यांच्या तालुक्यातही बोंडं लागली नव्हती. एक क्षण, एकच क्षण, प्राजक्ताला फार बरं वाटलं. मग कॅमेरेवाला म्हणाला, “एकदम मस्त. दुसरा टेक नको,” आणि साहेब तिच्यापाशी येऊन म्हणाले, “वहिनी, तुम्ही तर कमाल केलीत. बाकीचं नाही लावलं तरी चालेल, गावोगाव हेच लावतो.” यास्मीन तिच्या खुर्चीवरून बघत होती. तिने नजर वळवली नाही की मान हलवली नाही, फक्त मांडीवरची पर्स उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवली, जिथे आधी प्राजक्ता बसली होती.

दुपारच्या गाडीत मंडळी पेंगली होती. पिशव्यांतून कंपनीने दिलेल्या बाटल्या एकमेकींवर किणकिणत होत्या. जळगाव गेलं, भुसावळ गेलं. केळीच्या बागा संपून काळी जमीन सुरू झाली तरी किशोर बोलला नव्हता. तो चिडलेला असता तर तिला सोपं गेलं असतं. मलकापूरच्या आसपास तो म्हणाला, “तू काहून बोलली?”

“तुमी तसे उभे होते. मले पाहवलं नाही.”

“मी उभाच राहणार होतो.”

“एजन्सी गेली असती.”

“गेली असती.” तो खिडकीबाहेर बघत होता. “मले तेच पायजे होतं. स्वतःहून सोडाची हिंमत नोती. म्हटलं, तेच काढतीन तं बरं. नोव्हेंबरपासून डोक्यात होतं. तू धबधब्यावर बोलली, तं मले असं झालं, का चला, कोणीतरी म्हणलं. तिथं उभा होतो ना, तं मले बरं वाटून राह्यलं होतं, प्राजू.”

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. घाम, वाकलेली कंबर, पुसणारा हात. तिला ती लाज वाटली होती. बारा वर्षांत हा माणूस आपल्याला पाठ झाला आहे असं ती धरून चालली होती. “मग मले सांगाचं नाही?” ती म्हणाली.

“सांगितलं तं. नाही बोलत म्हणलं.” त्यात टोमणा नव्हता. तो दमलेला होता.

शेगाव गेलं. दिवे लागायची वेळ झाली होती. ती मनातल्या मनात हिशेब लावू पाहत होती: तो खोटं बोलला तर आपण उतरायचं नाही, एवढंच ठरलं होतं. आपण बोललो तर कोणी कुठे उतरायचं ते ठरलं नव्हतं. हाताशी काहीच नव्हतं. फोन करून साहेबांना सांगावं, ते लावू नका म्हणून? ते म्हणतील, वहिनी, इतकं छान झालंय. आणि एजन्सी आता जाणार नव्हती. ती आता पुढच्या हंगामापुरती पक्की झाली होती, लोक दुकानात येऊन म्हणणार होते, ते वहिनीवालं बियाणं द्या.

अकोला आलं. अकोल्याकडची मंडळी उठली, बाटल्या सांभाळत दाराकडे सरकली. किशोरने वरच्या फळीवरून दोन्ही बॅगा काढल्या. प्राजक्ता बसून होती.

“मी बाबाकडे जातो,” ती म्हणाली. “गाडी तिथं जायच्या आधी मले सांगाले पायजे. तुमाले सोडून नाही जाऊन राह्यली.”

त्याने विचारलं, “मी येऊ?”

“तुमी आले तं ते पुन्हा बेस हाय म्हणतीन.”

त्याला ते पटलं. त्याने तिची बॅग सीटवर तिच्या शेजारी ठेवली, नीट, पडणार नाही अशी, आणि उतरून गेला. गाडी सुटली. डबा बराच रिकामा झाला होता. बाबा झोपायच्या आत पोचायला हवं, तिने ठरवलं, आणि गेल्या गेल्या, पाणीसुद्धा न पिता, उभ्यानेच सांगायचं. तिने पहिलं वाक्य जुळवायला घेतलं. शाळेतल्या भाषेत जुळवलं तर ते परक्या बाईचं वाटत होतं. घरच्या भाषेत जुळवायला गेली की जिभेवर तेच येत होतं, सकाळचं, गोड लयीतलं, बोंडं इतके का येचता येचता. मूर्तिजापूर मागे पडलं तरी तिला दुसरं वाक्य सापडलं नव्हतं.